सही कोणाची? चेरोकी प्रमुखपदाचा दोनशे वर्षांचा पेच

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टॅलेक्वा हे छोटेसे शहर नकाशावर शोधावेच लागते. मात्र साडेचार लाखांहून अधिक नागरिक असलेल्या एका राष्ट्राची ती राजधानी आहे. चेरोकी नेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राष्ट्राला स्वतःची राज्यघटना आहे, सतरा सदस्यांची परिषद आहे, सर्वोच्च न्यायालय आणि पोलीस दल आहे आणि दर चार वर्षांनी मतपेटीतून निवडला जाणारा कार्यकारी प्रमुख आहे. या प्रमुखाला ‘प्रिन्सिपल चीफ’ म्हणतात. चक होस्किन (धाकटे) हे २०१९ मध्ये या पदावर निवडून आले आणि २०२३ मध्ये त्यांना मतदारांनी पहिल्याच फेरीत पुन्हा कौल दिला. सलग दोनच मुदती भूषवता येतील, असे घटनेचे बंधन असल्याने २०२७ च्या निवडणुकीत ते उमेदवार असू शकत नाहीत. साहजिकच हे पद कोणाकडे जाणार, याइतकीच ते पद नेमके कशावर उभे आहे, ही चर्चाही महत्त्वाची ठरते.

‘चीफ’ म्हटले की हॉलिवूडच्या कृपेने आपल्या डोळ्यांपुढे पिसांचा टोप घातलेला, धीरगंभीर चेहऱ्याचा म्हातारा उभा राहतो. प्रत्यक्षातला चेरोकी प्रमुख फायली हातावेगळ्या करतो, अंदाजपत्रक परिषदेपुढे मांडतो, मंत्रिमंडळासारखे सचिवांचे मंडळ नेमतो, परिषदेच्या ठरावांवर सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो. त्याच्यासोबत उपप्रमुखाचीही निवड मतदारच करतात. सध्या त्या पदावर ब्रायन वॉर्नर आहेत. कारभाराचा पसाराही लहान नाही. अमेरिकेतील आदिवासी राष्ट्रांनी चालविलेल्या आरोग्यसेवांमध्ये चेरोकींची सेवा सर्वांत मोठी गणली जाते. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाच्या सहकार्याने टॅलेक्वा येथे २०२० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि २०२४ मध्ये त्यातून डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. कोविडच्या काळात केंद्राकडून आलेल्या मदतनिधीतून प्रत्येक नागरिकाला दोन हजार डॉलर देण्याचा निर्णय झाला, तोही याच कार्यालयातून.

हे सर्व ठीक. परंतु या कार्यालयातून निघणाऱ्या कागदावरील सहीला वजन कोण देते? चेरोकी मतदार की वॉशिंग्टन? चेरोकींच्या राजकीय इतिहासाचे सार या एका प्रश्नात आहे आणि त्याचे उत्तर दोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

१८२७ मध्ये आजच्या जॉर्जिया राज्यातील न्यू इकोटा येथे चेरोकींनी आपली राज्यघटना लिहून काढली. कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता व न्यायसंस्था अशी तीन अंगे तिच्यात होती. प्रमुखाची निवड त्या वेळी परिषद करीत असे. पुढच्याच वर्षी जॉन रॉस प्रमुख झाले आणि १८६६ मध्ये वॉशिंग्टन येथे मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. रॉस यांच्या अंगात चेरोकी रक्ताचा वाटा जेमतेम एक अष्टमांश होता. तरीही बहुसंख्य चेरोकींनी त्यांच्यावर जो विश्वास टाकला, तसा फार थोड्या नेत्यांच्या वाट्याला येतो. जॉर्जियाला चेरोकींची जमीन हवी होती. रॉस यांनी लढाईसाठी रणांगणाऐवजी न्यायालय निवडले आणि १८३२ मध्ये वूस्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकालही दिला. चेरोकी प्रदेशात जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या राजवटीने मात्र चेरोकींना हटविण्याचा आपला आग्रह सोडला नाही.

मग आला २९ डिसेंबर १८३५ चा करार. मेजर रिज, त्यांचे पुत्र जॉन रिज आणि ‘चेरोकी फिनिक्स’ या वृत्तपत्राचे पहिले संपादक एलायस बूडिनॉट यांच्या गटाने मिसिसिपीच्या पूर्वेकडची सारी भूमी सोडून देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यावर प्रमुखाची सही नव्हती आणि परिषदेने या गटाला कोणताही अधिकार दिलेला नव्हता. रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला सादर केला. पण सिनेटने आवश्यक बहुमतापेक्षा अवघ्या एका मताच्या आधिक्याने करार संमत केला. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सक्तीने पश्चिमेकडे हाकलण्यात आले आणि त्यांतील चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असा अंदाज सांगितला जातो. ‘अश्रूंची वाट’ या नावाने ती यात्रा इतिहासात नोंदली गेली आहे. रिज पिता-पुत्र व बूडिनॉट यांची जून १८३९ मध्ये हत्या झाली. त्यांना केवळ गद्दार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. स्थलांतर टळणार नाही, तर निदान पदरात काही पाडून घ्यावे, असा त्यांचा हिशेब होता. चूक हिशेबाची नव्हती, असेही एखादा म्हणेल. चूक होती ती अधिकाराची. लोकांनी न दिलेला अधिकार त्यांनी वापरला आणि समोरच्या बलाढ्य सत्तेने सोयीची म्हणून तीच सही खरी मानली.

त्याच वर्षी टॅलेक्वा येथे दुसरी राज्यघटना संमत झाली. तिच्यानुसार प्रमुखाची निवड परिषदेकडून काढून थेट मतदारांकडे देण्यात आली.

हा अधिकार पुढे सत्तर वर्षेही टिकला नाही. १८९८ च्या कायद्याने आदिवासी न्यायालये बंद पाडली, सामायिक जमिनीचे खासगी तुकडे केले आणि १९०६ च्या कायद्याने प्रमुखाची नेमणूक करण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षांना दिला. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले. १९०३ मध्ये निवडून आलेले डब्ल्यू. सी. रॉजर्स १९१७ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या जागी कोणी निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतरची दोन-अडीच दशके हा सारा प्रकार विनोदी वाटावा असा आहे. एखाद्या जमिनीच्या कागदावर चेरोकी प्रमुखाची सही लागली की वॉशिंग्टनमधून कोणाची तरी प्रमुख म्हणून नेमणूक होई. सही झाली की कारकीर्द संपली! ‘एका दिवसाचे प्रमुख’ हे नाव त्यांना तेव्हापासूनच चिकटले. पद शिल्लक होते, कारण सही हवी होती. सहीमागचे राष्ट्र मात्र कोणालाच नको होते.

१९४१ मध्ये रुझवेल्ट यांनी जे. बी. मायलम यांना आणि १९४९ मध्ये ट्रुमन यांनी डब्ल्यू. डब्ल्यू. कीलर यांना नेमले. कीलर हे फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीतले बडे अधिकारी. पुढे ते तिच्या सर्वोच्च पदावर पोचले. तेल कंपनीचा अधिकारी आदिवासींचा प्रमुख, ही विसंगती डोळ्यांत भरते खरी. पण विस्कटलेल्या कारभाराची घडी बसविण्यास मायलम आणि कीलर यांच्याच काळात सुरुवात झाली, हेही मान्य केले पाहिजे. १९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने पाच आदिवासी राष्ट्रांना आपापले प्रमुख निवडण्याची मुभा देणारा कायदा केला. १९७१ मध्ये निवडणूक झाली आणि कीलरच निवडून आले. १९०३ नंतर थेट १९७१! अडुसष्ट वर्षांत दोन पिढ्या प्रमुखासाठी मत न देताच सरल्या.

१९७६ मध्ये मतदारांनी नवी घटना स्वीकारली. त्या चौकटीत विल्मा मॅनकिलर यांचा उदय झाला. (हे आडनाव आपल्या कानांना भयंकर वाटते, मुळात गावाचे रक्षण करणाऱ्याची ती पदवी होती.) १९८३ मध्ये उपप्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना झालेला विरोध थेट धमक्यांपर्यंत गेला होता. १९८५ मध्ये प्रमुख रॉस स्विमर केंद्र सरकारच्या आदिवासी विभागाची सूत्रे घेण्यासाठी पायउतार झाले आणि घटनेनुसार मॅनकिलर प्रमुख झाल्या. १९८७ मध्ये त्या स्वबळावर निवडून आल्या, तर १९९१ मध्ये त्यांना ऐंशी टक्क्यांहून अधिक मते पडली. बेल या खेड्यात गावकऱ्यांनीच श्रमदानाने मैलोगणती जलवाहिनी टाकली, ते काम त्यांनी प्रमुख होण्यापूर्वी उभे केले होते आणि त्यांच्या साऱ्या राजकारणाचा पाया तेथेच होता. प्रकृतीच्या कारणास्तव १९९५ मध्ये त्या बाजूला झाल्या.

इथवरचा इतिहास बाहेरच्या सत्तेने केलेल्या अन्यायाचा आहे आणि तो बऱ्याच वाचकांना ढोबळमानाने ठाऊकही असेल. पुढचा भाग अधिक अवघड आहे. अधिकार परत मिळाला. पण निवडून आलेल्या प्रमुखानेच मर्यादा ओलांडली तर त्याला अडवायचे कोणी?

मॅनकिलर यांच्यानंतर आलेले जो बर्ड यांच्या कारकिर्दीत हा प्रश्न रस्त्यावर आला. फेब्रुवारी १९९७ मध्ये निधीच्या वापराविषयीच्या संशयावरून चेरोकी न्यायाधिकरणाने झडतीचे वॉरंट काढले आणि चेरोकी पोलिसांनी, म्हणजे मार्शल दलाने, प्रमुखाच्याच कार्यालयातून कागदपत्रे नेली. बर्ड यांनी मार्शलांना बडतर्फ केले. न्यायाधिकरणाने त्यांना कामावर घेण्याचा आदेश दिला. तो बर्ड यांनी पाळला नाही. मे महिन्यात त्यांच्या बाजूच्या परिषद सदस्यांनी, पुरेशी गणसंख्या नसताना, तिन्ही न्यायाधीशांवर महाभियोग चालविला. जूनमध्ये बर्ड यांच्या सुरक्षारक्षकांनी न्यायालयाच्या इमारतीचा ताबा घेतला. बडतर्फ मार्शल पगाराविना काम करीत राहिले, ऑगस्टमध्ये न्यायालयासमोर धक्काबुक्की झाली आणि केंद्राचे पोलीस बंदोबस्ताला आले. एका राष्ट्रात दोन पोलीस दले आणि तिसरे बाहेरून आलेले! ज्या वॉशिंग्टनच्या तावडीतून सुटण्यासाठी सात दशके गेली, त्यालाच मध्यस्थीसाठी बोलवावे लागते की काय, अशी वेळ आली.

१९९९ मध्ये मतदारांनी बर्ड यांचा पराभव करून चॅड स्मिथ यांना निवडले. (राजकारणात कोणीही कायमचा संपत नाही, याची प्रचिती टॅलेक्वातही येते. बर्ड २०१२ मध्ये परिषदेवर निवडून आले आणि पुढे तिचे सभापतीही झाले.) परंतु माणूस बदलून भागणार नाही, हे चेरोकींनी ओळखले होते. त्याच वर्षीच्या सुरुवातीला ७९ प्रतिनिधींचे घटना संमेलन भरले आणि नऊ दिवस त्यांनी एकेका कलमावर खल केला. उपप्रमुखाने परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविण्याची जुनी पद्धत जाऊन परिषदेने आपला सभापती स्वतः निवडावा, असे ठरले. न्यायाधिकरणाचे पाच सदस्यांचे सर्वोच्च न्यायालय झाले. ॲटर्नी जनरल आणि मार्शल यांची नेमणूक प्रमुखानेच करायची. परंतु त्यांना निश्चित मुदत द्यायची, म्हणजे झडती घेणाऱ्याला सकाळी उठून घरी पाठविता येणार नाही. प्रमुखपदावर सलग दोन मुदतींचे बंधन आले. २००० मध्ये परिषदेने ‘चेरोकी फिनिक्स’च्या संपादकीय स्वातंत्र्याचा कायदा केला. बर्ड यांच्या काळात या वृत्तपत्राच्या संपादकालाही नोकरी गमवावी लागली होती.

या घटनेला मतदारांनी २००३ मध्ये मान्यता दिली. घटनादुरुस्तीला केंद्राची मंजुरी लागण्याची अटही त्यांनी काढून टाकली. वॉशिंग्टनमध्ये या कागदांवर बराच काळ घोळ चालला, तेव्हा २००६ मध्ये चेरोकी न्यायालयानेच नवी घटना अमलात असल्याचे जाहीर केले.

अशी चौकट नसली तर काय होते, हे उत्तर कॅरोलायनातील पूर्व चेरोकींकडे पाहिले की कळते. स्थलांतरातून मागे राहिलेल्यांचे हे वंशज. त्यांचे सरकार पूर्णपणे वेगळे आहे. (टॅलेक्वातच युनायटेड कीटूवा बँड या तिसऱ्या चेरोकी समूहाचेही मुख्यालय आहे.) पूर्व चेरोकींचा कारभार १९८६ च्या सनदेवर चाले, तिला घटना म्हणता येत नव्हते. २०१५ मध्ये मोठ्या बहुमताने निवडून आलेले प्रमुख पॅट्रिक लँबर्ट यांच्यावर तेथील बारा सदस्यांच्या परिषदेने मे २०१७ मध्ये महाभियोग चालवून त्यांना पदच्युत केले. आरोप ठेवणारी परिषद, ऐकणारी परिषद आणि निवाडा देणारीही परिषद! आरोप खरे होते की नव्हते, हा भाग अलाहिदा. उपप्रमुख रिचर्ड स्नीड प्रमुख झाले आणि २०२३ मध्ये त्यांना हरवून २००३ ते २०१५ या काळातील प्रमुख मिशेल हिक्स परत आले. टॅलेक्वात प्रमुखाने न्यायालय गुंडाळू पाहिले. येथे परिषदेने प्रमुख गुंडाळला. दोन्हीकडे उणीव एकच होती. निवाडा देणारा तिसरा पुरेसा भक्कम नव्हता.

तरीही चांगल्या घटनेने सारे प्रश्न सुटतात, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २०११ मध्ये स्मिथ चौथ्या मुदतीसाठी उभे राहिले. त्यांच्यासमोर बिल जॉन बेकर होते. आधी बेकर ११ मतांनी पुढे असल्याचे सांगण्यात आले, मग स्मिथ ७ मतांनी आणि फेरमोजणीत बेकर २६६ मतांनी. अखेर विजेता खात्रीने ठरविता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. ऑगस्टमध्ये जुनी मुदत संपली, तेव्हा नवनिर्वाचित उपप्रमुख जो क्रिटेंडन यांनी हंगामी प्रमुख म्हणून सूत्रे घेतली. या वेळी कोणीही न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली नाही. १९९७ नंतर चौदा वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हता.

पण याच निवडणुकीत दुसरी जखम उघडी पडली. चेरोकींमधील धनिक मंडळींनी कृष्णवर्णीय गुलाम बाळगले होते. प्रमुख रॉस यांच्याकडेही ते होते. यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या तहात या मुक्त गुलामांना व त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सर्व हक्क देण्याचे वचन होते. २००६ मध्ये चेरोकी न्यायालयाने या ‘फ्रीडमेन’चे नागरिकत्व मान्य केले. त्यावर प्रमुख स्मिथ यांनी घटनादुरुस्तीचा आग्रह धरला आणि मार्च २००७ मध्ये सुमारे ७७ टक्क्यांनी ‘रक्ताने’ चेरोकी असणाऱ्यांपुरते नागरिकत्व मर्यादित करण्याचा कौल दिला. एकूण मते नऊ हजारही नव्हती. ऑगस्ट २०११ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली आणि सुमारे २,८०० जणांचे नागरिकत्व गेले, तेही प्रमुखपदाच्या फेरनिवडणुकीच्या तोंडावर. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने ३.३ कोटी डॉलर रोखले, तेव्हा तडजोड होऊन फ्रीडमेनना मतदान करता आले आणि बेकर विजयी झाले.

आपला नागरिक कोण, हे ठरविण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा गाभा होय, असे दुरुस्तीचे समर्थक म्हणत. तत्त्व म्हणून ते बिनतोडच आहे. पण ज्या राष्ट्राचा सारा दावा जुन्या करारांवर उभा आहे, त्याने स्वतः केलेला करार मोडावा कसा? अमेरिकेने १८३५ चे वचन पाळावे, हे सांगताना आपण १८६६ चे वचन पाळले नाही, तर वकिलाची जीभ अडखळणारच. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने फ्रीडमेनच्या बाजूने निकाल दिला. तेव्हाचे चेरोकी ॲटर्नी जनरल टॉड हेम्ब्री यांनी अपील न करण्याचा निर्णय घेतला. राजकीयदृष्ट्या तो सोपा नव्हता. २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून ‘रक्ताने’ हा शब्दच काढून टाकला. त्यामुळे फ्रीडमेनचे वंशज आता प्रमुखपदाची निवडणूकही लढवू शकतात.

दरम्यान पदाचा आवाकाच बदलला आहे. जुलै २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की मस्कोगी राष्ट्राचा राखीव प्रदेश काँग्रेसने कधीच रद्द केलेला नाही. मार्च २०२१ मध्ये हेच तत्त्व चेरोकींना लागू झाले. ईशान्य ओक्लाहोमातील चौदा कौंट्यांत पसरलेला सुमारे सात हजार चौरस मैलांचा प्रदेश कायद्याच्या भाषेत पुन्हा चेरोकींचा ठरला. तेथील आदिवासींवरचे फौजदारी खटले राज्याच्या हातून निसटले आणि चेरोकी वकिलांना हजारो खटले दाखल करावे लागले. अधिकार मात्र लंगडाच आहे. आदिवासी न्यायालयाला एका गुन्ह्यासाठी तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही आणि बिगर-आदिवासींवर, काही अपवाद सोडता, खटलाच चालविता येत नाही. २०२२ च्या निकालाने बिगर-आदिवासींनी आदिवासींविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांत राज्यालाही अधिकार दिला.

या निकालांवरून होस्किन यांचा सर्वांत तीव्र संघर्ष झाला तो २०१९ मध्ये ओक्लाहोमाचे गव्हर्नर झालेले केव्हिन स्टिट यांच्याशी. गंमत अशी, की स्टिट हे स्वतः चेरोकी नेशनचे नागरिक आहेत. एका राज्यात एकच कायदा हवा, ही त्यांची भूमिका. कॅसिनोंच्या करारांवरून ते न्यायालयात हरले. शिकार व मासेमारीच्या परवान्यांचा करार त्यांनी २०२१ नंतर वाढविला नाही. एकाच राष्ट्राचे दोन नागरिक, दोघेही निवडून आलेले, दोघांकडेही सहीचा अधिकार आणि भूमीही तीच!

२०२७ चा उमेदवार कोणीही असो, त्याला आणखी एका गणिताला सामोरे जावे लागेल. साडेचार लाखांहून अधिक नागरिकांपैकी राखीव प्रदेशात राहणारे सुमारे एक लाख चाळीस हजारच आहेत. बाकीचे टल्साच्या पलीकडे, टेक्सासात, कॅलिफोर्नियात विखुरलेले. परिषदेत त्यांच्या वाट्याला सतरापैकी दोनच जागा येतात. प्रमुखाच्या निवडणुकीत मात्र त्यांचे मत इतरांच्या मताइतकेच मोजले जाते. टॅलेक्वाच्या रुग्णालयात कधी पाऊल न टाकलेल्या मतदाराला प्रमुखाने काय द्यायचे, हा प्रश्न तेथील जाणकारांना आज ना उद्या सोडवावाच लागेल.

आणि १८३५ चा तो करारही अजून मिटलेला नाही. त्याच्या सातव्या कलमात अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात चेरोकींना एक प्रतिनिधी मिळण्याची तरतूद आहे. जॉन रॉस यांनी ज्या कराराला अखेरपर्यंत विरोध केला, त्याच कराराच्या आधारे होस्किन यांनी २०१९ मध्ये किंबर्ली टीही यांचे नाव प्रतिनिधी म्हणून पुढे केले आणि परिषदेने ते मंजूर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या नियम समितीपुढे सुनावणी झाली. होस्किन साक्षीला गेले. चेरोकी नागरिक आपापल्या मतदारसंघात मतदान करीतच असतात, मग त्यांना दुहेरी प्रतिनिधित्व मिळणार नाही का, अशी शंका तेथे निघाली. त्या कराराचे वारस आपणही आहोत, असा दावा कीटूवा बँडने मांडला. जानेवारी २०२३ मध्ये काँग्रेसचे ते सत्र संपले, तेव्हा या विषयावर मतदान झालेले नव्हते.